न जळलेली वीज

जी वीज जळलीच नाही ती मोजायची, हा माझा धंदा. हसा खुशाल. माझा दादा तर पोट धरून हसायचा. "उद्या तू न खाल्लेल्या जेवणाचंही बिल लावशील," म्हणायचा, आणि मोजपट्टी हे नाव त्यानेच मला ठेवलं. ऑफिसातही तेच चिकटलं. मी चिडते म्हणून लोक मुद्दाम म्हणतात, आणि मी चिडतेच.

काम तसं सरळ आहे. वीज कंपनीने योजना काढली, की लोकांनी घरची वीज वाचवावी आणि जो जास्त वाचवेल त्याला बिलात सूट मिळावी. आता वाचली की नाही हे ठरवणार कोण? लोक वाचली म्हणणारच. कंपनीही म्हणणार, तिला वरून शाबासकी हवी असते. म्हणून मधे आम्ही. योजनेआधी घर किती वीज खात होतं ते बघायचं, यंदा उकाडा किती, घरात माणूस वाढलं की घटलं, हे सगळं जमेस धरायचं, आणि योजना नसती तर आज किती वीज लागली असती याचा हिशोब मांडायचा. त्यातून मीटरवरचा आजचा आकडा वजा केला की उरते ती बचत. अट एकच, घरातली सोय होती तशीच राहिली पाहिजे. अंधारात चाचपडून वाचवलेल्या विजेला बचत म्हणत नाहीत, हाल म्हणतात. नवीन माणूस कामाला लागला की हे वाक्य मी टेबलावर हात आपटून सांगते.

योजनेत आलेल्या प्रत्येक घरात आम्ही एक डबी लावली होती, तळहाताएवढी. तिच्यात एक दिवा. वीज कमी चालू असली की हिरवा, जरा वाढली की पिवळा, फार झाली की लाल. कल्पना साहेबांची, पण तिच्यासाठी भांडले मी. लोकांना आकडे कळत नाहीत, रंग कळतो, असं मी भर बैठकीत ठणकावून सांगितलं होतं. डबीला एवढंच कळतं की वीज किती चाललीय. कशासाठी चाललीय ते तिला कळत नाही. हे तेव्हा कुणी बोललं नाही, मीही नाही.

त्या दिवशी सकाळी मी खुशीत होते. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मोठ्या लोकांपुढे आमचा अहवाल जायचा होता. योजना चालू ठेवायची की गुंडाळायची ते त्यावर ठरणार होतं, आणि योजना गुंडाळली तर माझी नोकरीही तिच्याबरोबर गुंडाळली जाणार होती. एकूण आकडे बेतास बात होते. पण एक घर असं होतं की बघत राहावं.

आमच्याकडे घरांची नावं नसतात, सांकेतिक क्रमांक असतात. ओळखीपाळखी निघाल्या की आकड्यांना पाय फुटतात, म्हणून नाव-पत्ता कारकूनकाकांच्या कपाटात. ज्या घराची प्रत्यक्ष तपासणी करायची त्याचाच पत्ता ते देतात, तोही निघताना. तर या घराचा आलेख असा होता, की आधी सकाळपासून संध्याकाळपर्यंत सलग एक जाड पायरी. काहीतरी दिवसभर चालू असायचं. योजनेनंतर ती पायरी साफ गायब. दुपारभर मीटर जवळजवळ शून्यावर. संध्याकाळी घर पुन्हा जागं व्हायचं, रात्रभर ठीकठाक वीज घ्यायचं, आणि सकाळी परत सपाट. फक्त रविवारी ती पायरी जशीच्या तशी.

"जुना फ्रीज असणार," मी साहेबांना म्हटलं. "आणि पाण्याचा पंप. फ्रीज बदलला आणि पंपाला वेळ लावून दिली. रविवारी सगळे घरी, म्हणून वापर जास्त. किती शहाणी माणसं आहेत बघा."

साहेब म्हणाले, "मोजपट्टी, हे घर मला उद्या पहिल्या पानावर हवं. फोटोसकट. घरमालक हसताना."

"आणते की. हसवूनच आणते."

कारकूनकाकांनी कपाट उघडलं, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि पत्ता वाचून दाखवला. मी लिहून घ्यायला पेन टेकवलं होतं. ते तिथेच राहिलं. तो पत्ता मला लिहून घ्यायची गरज नव्हती. शाळेत पहिल्यांदा पाठ केलेला पत्ता तो. मीटर अजून बाबांच्या नावावर होतं, आणि बाबा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. ते आमचं घर होतं. दादाचं, वहिनीचं आणि आईचं.

पहिला विचार काय आला सांगू? दादा लबाड! तोंडावर माझी टिंगल करतो आणि गुपचूप योजनेत नाव घालतो. मला हसू आलं. आमचं बोलणं बंद होतं. पाहुण्यांसमोर त्याने माझ्या नोकरीची चेष्टा केली, मी ताटावरून उठले आणि त्यानंतर त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. माझं डोकं एकदा फिरलं की ताळ्यावर यायला वेळ लागतो. आईशी मात्र दर रविवारी फोन. ती बोलायची आणि तिच्यामागे मशीनची घरघर ऐकू यायची. त्या घरघरीनेच मी निर्धास्त असायचे.

मशीन.

मी उठून उभी राहिले. खुर्ची मागे पडली तरी मला कळलं नाही.

आईच्या छातीचा आजार जुना. तिला ऑक्सिजनचं मशीन लावलेलं, हवा ओढून त्यातला ऑक्सिजन नळीने नाकात सोडणारं. छोट्या कपाटाएवढं धूड, आणि वीज खातं ते सलग. रात्री लावाच, दिवसाही जमेल तितका वेळ लावा, नाहीतर हृदयावर ताण येईल आणि कळणारही नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. दादा आणि वहिनी कामावर जायचे तेव्हा ते चालू असायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. सलग.

ती जाड पायरी फ्रीजची नव्हती. ती माझ्या आईची होती.

"काय गं, काय झालं? पांढरीफटक पडलीस," काका म्हणाले.

मी फोन आणि किल्ल्यांचा जुडगा उचलून धावले. त्यांच्या टेबलावरची माझी पिशवी तिथेच राहिली. जिने उतरताना मी आईला फोन लावला. वाजला, वाजला आणि बंद झाला. परत लावला. परत तेच. रविवारी तर बोललो होतो! रविवारी घरघर होती! पण आज रविवार नव्हता, आणि आलेखात रविवार सोडून सगळे दिवस सपाट होते. हे मी स्वतः साहेबांना बोट ठेवून दाखवलं होतं, हसत हसत.

रिक्षावाल्याला मी काय सांगितलं देव जाणे. तो आरशातून सारखा मागे बघत होता. "ताई, हॉस्पिटलला घेऊ का?" असं त्याने दोनदा विचारलं. मी म्हटलं, "घरी घे, घरी, आणि बघू नकोस माझ्याकडे, रस्त्याकडे बघ!"

त्या जुडग्यात घराची एक किल्ली अजून होती. दादाने ती परत मागितली नव्हती आणि मी दिली नव्हती. दार उघडलं. आत पडदे ओढलेले, पंखा बंद, आणि शांतता. त्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. फ्रीजसुद्धा गुरगुरत नव्हता. फक्त भिंतीवर आमची डबी, आणि तिच्यात हिरवा दिवा. छान, टवटवीत हिरवा.

"आई!"

आतल्या खोलीत काहीतरी खुडबुड झाली. मी धावले. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती आणि घाईघाईने नळी कानांवरून ओढून नाकात बसवत होती. पकडलेल्या पोरासारखी. नळी नाकात गेली, तिने पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघून हसली. मशीन कोपऱ्यात उभं होतं. त्याचा प्लग जमिनीवर पडला होता, वायर व्यवस्थित गुंडाळून.

"अगं बाई, तू? या वेळेला?" म्हणाली. तेवढ्या शब्दांना तिला मधे थांबावं लागलं.

तिचे ओठ. मी ते कसे सांगू? जांभळट होते. नखंही. मी प्लग उचलला. घाईत भोकं सापडेनात. शेवटी बसला. मशीन एकदा घुरकलं आणि सुरू झालं, आणि बाहेरच्या खोलीत डबीने हिरव्याचा पिवळा केला. दारातून ते मला दिसत होतं. आईलाही दिसत होतं. तिची मान लगेच तिकडे वळली.

"अगं बंद कर, बंद कर! पिवळा झाला."

खरंच सांगते, कानशिलात बसावी तसं झालं. टेबलावर बोटाला लावायचा चिमटा होता, रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा. तो तिच्या बोटाला लावला. ऐंशीच्याही खाली. डॉक्टरांनी नव्वद सांगितले होते. मी तो काढून झटकला आणि परत लावला. आकडा चुकला असेल असं वाटलं. आयुष्यभर लोकांना सांगत आले की आकडा आवडला नाही म्हणून मीटरला दोष देऊ नका, आणि तेच करत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"आई, नाटकं करू नकोस! मशीन कधीपासून बंद ठेवतेस?"

"ओरडू नकोस. बंद कुठे ठेवते? रात्री लावतेच की. हे दोघं यायच्या आधी लावते. मधल्या वेळात फक्त." ती थांबली, श्वास घेतला. "बसल्या माणसाला किती हवा लागते गं? मी काय पळायला जाते?"

मी तिच्या पायाशी जमिनीवरच बसले.

मग तिने सगळं सांगितलं. अगदी कौतुकाने, एखादी अवघड वीण जमली की सांगायची तसं. एका रविवारी फोनवर मीच रडगाणं गायले होते, की लोक वीज वाचवत नाहीत, योजना बुडणार, माझी नोकरी जाणार. मी ते बोलून विसरले. आई विसरली नाही. तिने स्वतः फोन करून योजनेत नाव घातलं. डबी बसवायला माणूस आला तेव्हा दादाला सांगितलं, सगळ्यांकडे लावतायत. मग रोज दादा-वहिनी बाहेर पडले की ती डबीसमोर उभी राहायची आणि एकेक वस्तू बंद करत जायची. दिवे बंद केले, पिवळा. पंखा बंद केला, तरी पिवळा. फ्रीज बंद केला, पिवळाच. शेवटी एकच वस्तू उरली.

"हे मशीन बंद केलं आणि काय सांगू, लगेच हिरवा! तेव्हा कळलं, खरं खादाड हेच."

"आई, ते मशीन तुला जगवतंय!"

"जगतेय की मी. मरतेय का?" तिने मान उडवली. "चक्कर येते मधूनमधून. मग खुर्चीत बसून राहते. दाराची घंटा, फोन काही उचलत नाही. उठलं की फार दम लागतो."

म्हणून फोन वाजून बंद झाला होता. फोन तिच्यापासून चार हातांवर होता.

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मशीन अजिबात काढू नका, मी गाडी पाठवतो, आज दाखल करून घेऊ. मग वहिनीला केला. तिचं ऑफिस जवळ. ती कशी आली माहीत नाही, चपला हातात होत्या तिच्या. दादाला मी फोन केला तेव्हा तो पहिल्यांदा म्हणाला, "बोललीस एकदाची," आणि मग मी पुढचं सांगितलं. तो म्हणाला, "मी रोज जाताना तिला नळी लावलेली बघून जातो गं. रोज." आणि माझा दादा, ज्याने बाबा गेले तेव्हा डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं, तो फोनवर हमसून हमसून रडायला लागला.

वहिनी दारात उभी राहून एकदा मशीनकडे, एकदा आईकडे बघत होती. मी सांगितलं तेव्हा तिने तोंडावर हात दाबला.

"फ्रीज पण?" ती म्हणाली. "अहो आई, फ्रीज पण? इथे रोज दूध नासत होतं! मी दूधवाल्याशी भांडले. त्याला काय काय बोलले. मेकॅनिकला बोलावलं, तो म्हणाला फ्रीज ठणठणीत आहे, तर त्याला चोर म्हटलं." ती हसायला लागली आणि हसता हसता तिचा बांध फुटला. आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून ती लहान मुलीसारखी रडली. "आम्हाला सांगायचं तरी! आम्ही काय परके आहोत का हो?"

"सांगितलं असतं तर करू दिलं असतंत का?" आई म्हणाली. उत्तर बरोबर होतं. वहिनीच्या केसांवरून हात फिरवत आई माझ्याकडे वळली. "ते जाऊ दे. मला एवढंच सांग, पहिला नंबर आला का?"

चिमट्यावरचा आकडा हळूहळू वर सरकत होता. ओठांवरचा जांभळा रंग थोडा फिकट झाला होता. आणि ती बाई निकाल विचारत होती.

"आला होता," मी म्हटलं. "आता बाद."

"बाद?" ती खुर्चीत ताठ झाली. "का म्हणून बाद? मीटर खोटं बोलतं का?"

"मीटर खरं आहे. पण सोय तशीच राहिली पाहिजे, असा नियम आहे."

"माझी काय गैरसोय झाली? मी तक्रार केली का कुणाकडे? एवढे दिवस जिवाचं रान केलं आणि तू एका शब्दात बाद करतेस? मग तुझी नोकरी?"

"खड्ड्यात गेली नोकरी!" मी इतक्या जोरात ओरडले की वहिनी दचकली. मग मी आईला मिठी मारली. तिच्या बरगड्या हाताला लागत होत्या आणि नळीतून हवा फुसफुसत होती. ती माझ्या पाठीवर थोपटत राहिली आणि मी रडले. खूप रडले, लाज न बाळगता.

वहिनी दवाखान्याची पिशवी भरायला आत गेली, तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"मोजपट्टी, फोटो काढलास का? हसतायत ना?"

मी खिडकीपाशी गेले आणि सांगायला लागले. मधे थांबायला तयारच नव्हते. त्यांना सांगितलं की ते घर काढून टाका. आणि नुसतं तेच नाही, ज्या ज्या घरात दुपार अशी सपाट झालीय ती सगळी थांबवा. मी प्रत्येक घरात जाणार आहे आणि एकच प्रश्न विचारणार आहे, की तुम्ही काय बंद केलंत. आपण फक्त किती ते बघत बसलो, साहेब. यादीत दुसऱ्या क्रमांकाच्या घराची दुपारही सपाट आहे. तिथे कोण राहतं? कपाट उघडा आणि बघा, तिथे कोण राहतं!

साहेब गोंधळले. "अगं, पण उद्या अहवाल आहे. ती सगळी घरं काढली तर उरतं काय? शांतपणे विचार कर. थोडीफार तरी बचत धरावीच लागेल ना?"

"शांतपणे?" मी म्हटलं. "साहेब, माझी आई इथे..."

आणि मला जाणवलं की माझा आवाज खोलीत फार मोठा ऐकू येतोय. बाकी काहीच ऐकू येत नव्हतं. मशीनची घरघर थांबली होती.

मी वळले. आई खुर्चीतून वाकली होती आणि तिच्या हातात प्लग होता. नाकात नळी तशीच. दारातून बाहेरची डबी दिसत होती, हिरवी.

"तू महत्त्वाचं बोलतेयस ना," ती कुजबुजली, मला त्रास होऊ नये म्हणून अगदी हळू. "म्हटलं, तेवढ्यापुरतं बंद करावं."

फोन माझ्या हातातून पडला. मी तिच्या हातातून प्लग घेतला, भिंतीत खुपसला आणि त्यावर माझा तळहात दाबून जमिनीवर बसून राहिले. मशीन पुन्हा घुरकलं. आई बाहेरच्या पिवळ्या दिव्याकडे बघत राहिली. फरशीवर पडलेल्या फोनमधून साहेब अजून विचारत होते, "हॅलो? हॅलो? मग किती टक्के धरायचे?"